ऑरेंजचा न

अंबडच्या शाळेतले गिरिधर मास्तर इंग्रजी शिकवत, पण इंग्रजी शब्दाला कधी मोकळा सोडत नसत. तुझा बाप कोण, आजा कोण, असं दरडावत ते त्याला संस्कृतच्या उंबऱ्यापर्यंत ओढत आणायचे. मगच त्यांना चहा गोड लागायचा. निजामाच्या राज्यात हे कौतुकानं ऐकणारा गावात एकच माणूस होता, शाळेतले फारसीचे करीमोद्दीन मुन्शी. रोज संध्याकाळी ते मास्तरांच्या ओट्यावर येत. प्रेक्षक एकटा, पण दाद अशी, की तंबू खच्चून भरल्यासारखा वाटावा!

घात केला ऑरेंजनं.

"मूळ नारंग! शुद्ध संस्कृत!" मास्तर गरजले.

"बराबर. पर वाटेत आमच्या फारसीच्या घरी जेवून गेला ना, मास्तर? मंग थोडा आमचाबी म्हणा."

"न्हाई!"

"जरासा?"

"बिलकुल न्हाई!"

मुन्शींनी कप खाली ठेवला, छडी उचलली आणि ते निघून गेले. त्यानंतर ओटा ओसच पडला.

मास्तरांची मात्र पंचाईत झाली. ऑरेंजचा पुढचा सगळा प्रवास त्यांना सापडला, अन् सांगायला कोणी नाही! अखेर बायकोपुढे, तांदूळ निवडणाऱ्या रमाबाईंपुढेच त्यांनी पडदा वर केला.

"अगं, फारसीतून अरबांकडे गेला, तिथं झाला नारंज. पुढं फ्रान्स. तिकडं 'एक'ला 'उन' म्हणतात. 'उन नारंज' म्हणता म्हणता फळाचा 'न' त्या 'उन'ला चिकटला, अन् उरलं ऑरेंज! तेच साहेबानं उचललं."

"म्हंजी फारसीतूनच गेलं की."

"वाटेत गं, वाटेत!"

रमाबाईंनी सुपातला खडा बाहेर टाकला. "अहो, त्या परदेशी लोकांना अख्खा 'न' सोडता आला. तुम्हाला एक 'न्हाई' सोडवेना?"

मास्तरांनी टोपी चढवली, बाजारातून संत्री घेतली आणि मुन्शींची कडी वाजवली.

दार उघडलं. मुन्शींनी संत्र्यांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"कुणाचं म्हणायचं हे? तुमचं, का आमचंबी?"

सवयीनं मास्तरांची जीभ टाळ्याकडे गेली, 'न्' ओठांशी आला... त्यांनी तो गिळला.

"तुमचंबी," ते म्हणाले. "सोला जल्दी. त्याचा न कुठं हरवला, ते सांगायचंय."

मुन्शींनी आत हाक दिली, "दो चाय!"