हळदीनं धरलेली काच

लातूरच्या ज्या स्टुडिओत मी आधी कामाला होतो, तिथं प्रत्येक लेन्सवर यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्स जपायची काच, बसवलेला असायचा आणि तो काढायचा नाही, हा मालकांचा कायदा. लेन्स वाचते म्हणे. वाचते, खरंय. पण संध्याकाळच्या लग्नात समोर लायटिंगच्या माळा असल्या की ती हलकी काच उजेड परतवते आणि फोटोत हिरवे ठिपके पडतात. मी बी.एस्सी., आमच्या घरातला पहिला पदवीधर. एका लग्नात मी काच काढून खिशात टाकली.

मालकांनी बघितलं. पाहुण्यांसमोर म्हणाले, "डिग्री घरी ठेवून यायची. मुखेडकडं ढेकळं फोडणाऱ्याच्या पोराला काचेतलं काय कळतंय?"

पाहुणे हसले. वडिलांनी मला शिकवलं ते ढेकळं फोडूनच. त्याची लाज मला कधीच नव्हती. पण ते हसू मी विसरलो नाही. काम सोडलं आणि नांदेडला स्वतःचं सुरू केलं.

फिल्टर मी हट्टानं शिकलो. सहस्रकुंडच्या धबधब्यावर प्री-वेडिंग असलं की ओल्या खडकाची चकाकी मारायला पोलरायझर, पाणी दुधासारखं दिसायला काळा एनडी. संध्याकाळच्या लग्नाला काहीच नाही. लेन्स उघडी.

मग एक लग्न आलं. नवरदेव नांदेडचा, म्हणून मी. नवरीकडच्यांनी लातूरहून आपला फोटोग्राफर आणलेला. माझे जुने मालकच. आमच्याकडं दोन्ही बाजूंचे फोटोग्राफर एकाच स्टेजवर ढकलाढकली करत असतात. ते माझ्या शेजारीच उभे होते, लेन्सवर तीच काच, समोर माळाच माळा. सांगता आलं असतं. मी का सांगावं?

अल्बम दोन्ही घरांचा मिळून एकच करायचा ठरला होता. फोटो निवडायला सगळे नवरदेवाच्या घरी टीव्हीसमोर बसले. मालकांचे फोटो आधी लागले.

"अगं बया, नवरीच्या गालावर हे हिरवं काय?" नवरदेवाची आत्या ओरडली.

"लायटिंगचा दोष हाय, ताई," मालक म्हणाले.

मग माझे लागले. तोच मांडव, त्याच माळा. गाल स्वच्छ.

"ह्यांना लायटिंग न्हवती का?" आत्यानं विचारलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. ह्याच घडीची मी वाट बघत होतो.

"मालक, लेन्सवरची काच काढली न्हाई वाटतं?" मी म्हणालो. "मी डिग्री घरी ठेवून आलोय, पण एवढं आठवलं."

मालकांचा चेहरा उतरला.

"मग काढून दाखवा की," आत्या म्हणाली.

मालकांनी बॅगेतून कॅमेरा काढला, काच फिरवायला लागले. फिरेना. इतक्या लग्नांची हळद तिच्या आट्यांत बसून घट्ट झालेली. बोटं लाल झाली, कपाळावर घाम आला. नवरीचे वडील बघत होते. शेवटी मालकांनी कॅमेरा माझ्यापुढं केला.

"तू बघ बरं जरा."

अडकलेल्या फिल्टरला रुंद रबर गुंडाळून पिळलं की तो सुटतो. असं रबर माझ्या बॅगेत कायम असतं. मी हात जोडले.

"न्हाई मालक. मला काचेतलं काय कळतंय?"

अल्बमचं काम माझ्याकडं आलं. रबराला मी हात लावला नाही, आणि आजही तसा प्रसंग आला तर लावणार नाही.