बैल कोण झालंय?

आमच्या ड्रॉइंगच्या सरांना चित्राला ‘छान’ म्हटलेलं खपत नसे. “छान राहू दे. आधी काय दिसतं ते सांग,” म्हणत ते कागद पुन्हा आपल्यापुढे सरकवायचे. धुळ्याच्या आमच्या शाळेत त्यांचं नावच ‘कायदिसतं सर’ पडलं होतं. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

स्मरणचित्राला ‘आठवडे बाजार’ हा विषय ठरलेला. आम्ही सगळे एकच बाजार काढत असू: एक पाल, एक तागडी, भाजीच्या ढिगामागे एक बाई. सर वैतागत. बाजारात कधी गेलात का, या बाईचं पोर कुठे आहे, असं विचारत. ते मूळचे सोनगीरकडचे. चिडले की त्यांची अहिराणी बाहेर येई आणि आम्ही तोंड दाबून हसत असू.

शाळेच्या नव्या हॉलसाठी त्यांनी स्वतः एक मोठं चित्र केलं. दिवाळीच्या सुट्टीतही येऊन रंगवत बसले. गुरांचा बाजार, आणि सोडलेल्या गाड्यांच्या सावलीत बैलबाजार-बैलबाजार खेळणारी पोरं. दोघं रुमालाखाली हात घालून व्यापाऱ्यांसारखा बोटांनी भाव ठरवताहेत. तिसरा बैलाचा जबडा उघडून दात बघतोय. तो बैल म्हणजेही एक पोरगाच, ओणवा झालेला, गळ्यात दोर. बाकीच्यांच्या अंगात सदरे, हा उघडा.

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी चित्राकडे ओझरतं पाहिलं आणि भाषण ठोकलं. रम्य बालपण, निरागसता, गेले ते दिवस. संस्थेच्या अध्यक्षांनी तर आधीच चित्राखाली पितळी पाटी लावून घेतली होती, ‘निरागस बालपण’. ज्यानं ते काढलं त्याला चित्राचं नाव विचारावं, एवढीही कुणाला गरज वाटली नव्हती.

सर मागच्या रांगेतून उठले.

“साहेब, या चित्रात बैल कोण झालंय?”

“कुणीतरी व्हायलाच हवं ना सर,” पाहुणे म्हणाले, “खेळ आहे.”

सगळा हॉल हसला. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी सरांनी पाटी काढून अध्यक्षांच्या टेबलावर नेऊन ठेवली. लगेचच त्यांची बदली झाली, संस्थेच्या पार आडगावच्या शाळेत. पाटी मात्र पुन्हा जागेवर गेली आणि अजून तिथेच आहे. माजी विद्यार्थिनी म्हणून मला त्या हॉलमध्ये कार्यक्रमांना बोलावतात. मी जात नाही. स्वतःच्या भिंतीवरचं चित्र ज्यांना बघता येत नाही, त्यांनी कलेवर व्याख्यानं ठेवावीत, याला निर्लज्जपणाच म्हणतात.

सर निघाले त्या दिवशी मी त्यांना एसटी स्टँडवर गाठलं. एका पाटीपायी एवढं कशाला, असं घरी सगळे म्हणत होते. मीही तेच विचारलं. सर रागावले नाहीत. त्यांचे वडील सालदार होते, एका मोठ्या शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीवर राबणारे, हे मला तेव्हा कळलं. बाजाराला मालकाची पोरं गाडीत बसून जात आणि लहानगे सरही त्यांच्याबरोबर जात. मग ते अहिराणीत बोलले, आणि मला हसू आलं नाही.

“तू बैल व्हय, आसं माले कोणीच सांगं नही. बठ्ठासले, सगळासले माहीतच राहे.”

गाडी लागली. पिशवी उचलता उचलता ते म्हणाले, “मन्ही माय तठेच उभी राहे. ती बी हासे.”