आमच्या घरी भुतांना बोलणी खावी लागतात

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटते. डांगे चौकात वाटते, चाकणला कंपन्यांच्या गेटांवर पहिली पाळी सुटताना वाटते, आणि लोक ती घेऊन घाम पुसतात तरी वाटते. म्हणून पत्रकं काढणाऱ्या आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ सरांना कुणीतरी आमच्या घरचं सांगितलं तेव्हा त्यांना फार लागलं. भर बैठकीत ते मला म्हणाले, "तुमच्या घरी म्हणे सणासुदीला भुताचे सिनेमे बघतात?"

"बघतात," मी म्हटलं. "सगळे मिळून बघतात. आरडाओरडा करत बघतात."

सरांनी पुढचा विषय घेतला. त्यांना वाटलं होतं मी ओशाळेन. का ओशाळू? आमच्या घरात मला अभिमान वाटावा अशा ज्या मोजक्या गोष्टी आहेत, त्यांत ही पहिली.

ऑक्टोबर संपत आला की टीव्हीवरच्या झाडून सगळ्या ॲपांवर दात विचकणारे भोपळे येतात. वाकडच्या मोठ्या सोसायट्यांत पोरं चेटकिणींचे झगे घालून चॉकलेटं मागत फिरतात. थेरगावात आमच्या इमारतीत झगे कुणी घालत नाही. पण तेच दिवस फराळाचे असतात, आणि फराळ करताना हात गुंतलेले असतात, डोळे मोकळे असतात. आईनं हे फार पूर्वी हेरलं. मालिका लावली की बायका रडतात आणि पीठ खारट होतं, असं तिचं म्हणणं. भुताचा सिनेमा लावला की कुणी पेंगत नाही, चकल्या भराभर पडतात.

तर दुपारी जेवणं उरकली की खिडकीवर सोलापुरी चादर अडकवायची, नाहीतर उन्हाची तिरीप थेट टीव्हीवर येते. मधे वर्तमानपत्रं, त्यावर पराती. आणि एकच नियम: पडद्यावरच्या माणसानं मूर्खपणा केला की त्याला बोलायचं. गप्प बसून भुताचा सिनेमा बघणं आमच्याकडे आगाऊपणा समजतात. "अगं तळघरात कशाला मरायला जातेस, लाइट तर लाव!" "घर विका ना राव, विका आणि भाड्यानं राहा, आम्ही नाही राहत?" अशी सगळी फोडणी चालू असते. तळमजल्यावरची कोकणातली मावशी तर भुतालाही सोडत नाही. गोरंपान, केस मोकळे सोडलेलं परदेशी भूत दिसलं की तिचं ठरलेलं: "ह्या कसला गो भूत? आमच्याकडचो देवचार हेका दारात उभो करूचो नाय."

सगळ्यांत जास्त घाबरतात ते बाबा. फोर्जिंगच्या खात्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. हातोडा पडला की तिथली जमीन हादरते, ठिणग्या उडतात, आणि हा माणूस त्यासमोर उभा राहतो. घरी मात्र पडद्यावरचं दार करकरलं की परातीआड. पहिली पाळी करून आले की हातपाय धुऊन ते सोऱ्या घेऊन बसतात, आणि भूत आलं की त्यांची चकली वेडीवाकडी पडते. सरांचा प्रश्न मी घरी सांगितला तेव्हा बाबा म्हणाले, "त्यांना सांग, मला भीती वाटते. पण भीती वाटते म्हणून मी भुताला नमस्कार घालत नाही." हे वाक्य मी पुढच्या पत्रकात घातलं. सरांनी ते काढलं. मी परत घातलं.

मागे एका वर्षी दिवाळी आणि हॅलोविन एकाच आठवड्यात आले. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर लगेच जोडलेल्या हातांच्या चित्रांसकट संदेश सुरू: हॅलोविन ही आपली संस्कृती नव्हे, मुलांना भुताखेतांच्या नादी लावू नका. वाचून माझं डोकं फिरलं. कारण याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर, एका जिवंत बाईला भूत ठरवणं चाललं होतं, आणि त्यावर ग्रुपमध्ये एक अक्षर नव्हतं.

वर आक्का राहतात. सगळी इमारत त्यांना आक्काच म्हणते. लातूरकडच्या. मुलगा निघोज्याच्या एका कंपनीत, बहुतेक रात्रपाळीला. सून, म्हणजे आमची वहिनी, बाळंतपण होऊन काही महिने झालेली. ती रात्री किंचाळून उठायची. दिवसा भिंतीकडे बघत बसायची, जेवण तसंच राहायचं. आक्कांनी दाराला काळी बाहुली टांगली. उशाखाली लिंबू ठेवलं. तरी भागेना, तेव्हा त्यांनी ठरवलं की तळेगावच्या पुढे माळावर एक भगत आहे, त्याच्याकडे न्यायचं. अमावास्येला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या सकाळी. बाईनं उपाशी यायचं, बाळ घरी ठेवायचं. तिथं धुरी देतात आणि केस धरून विचारतात, कोण आहेस तू. आक्कांचा भाचा गाडी घेऊन येणार होता.

मी वर गेले. पत्रक दिलं. जादूटोण्याविरोधी कायदा आहे, हे गुन्ह्यात बसतं, असं तोंडावर सांगितलं. मला गोड बोलता येत नाही आणि अशा वेळी यावं असं वाटतही नाही.

आक्का म्हणाल्या, "शिकलीस म्हणून लई शहानी झालीस व्हय? घरात सून किंचाळायला लागली म्हंजी कळतंय. जा, चहा ठिवलाय तुझ्या आईनं."

दार लागलं. वहिनी आत होती, तिनं मान वर केली नाही. तिच्या नवऱ्याला जिन्यात गाठलं. तो पाळीवरून आलेला, डोळे तांबारलेले. म्हणाला, "आईला विचार, ताई. मला काय कळंना झालंय."

दुसऱ्या दिवशी आक्कांनी रीतीप्रमाणे शंकरपाळ्यांची ताटली पाठवली. भांडण असलं तरी फराळ येतो, हे आमच्याकडचं वैशिष्ट्य. शंकरपाळ्यांखाली तूप टिपायला कागद घातला होता. माझंच पत्रक. 'कायद्याने गुन्हा' या शब्दांवर मोठा डाग.

मी तडक पोलीस चौकीत निघाले होते. आईनं अडवलं नाही. ती म्हणाली, "जा, तक्रार दे. तिकडं न्यायची वेळ आलीच तर मीही येईन तुझ्याबरोबर. पण अजून तीन दिवस आहेत. उद्या करंज्या आहेत आपल्याकडे, आक्कांना बोलावलंय. सुनेला घेऊनच या म्हटलंय."

"त्या बाईबरोबर बसून मी करंज्या करू?"

"तू नको करू. तुझ्या करंज्या फुटतातच."

आल्या. आक्का पुढे, मागे वहिनी, तिच्या कडेवर बाळ. बाळाला कॉटवर निजवलं. वहिनी भिंतीला टेकून पाऱ्या लाटायला बसली, आक्का सारण भरायला, मावशी कातणं घेऊन कडा कापायला. मी रागानं खोबरं किसत होते. बाबा नुकतेच आले होते. सिनेमा त्यांनी निवडला. ॲपवरच्या चित्रात नुसतं लाकडी घर आणि एक शेत दिसत होतं, म्हणून त्यांना तो सौम्य वाटला.

सौम्य कुठला! त्या घरात एक तरुण मुलगी होती. ती जेवत नाही, भिंतीशी बोलते, ओरडत उठते. घरचे तिला खोलीत कोंडतात. दाराला घंटा बांधतात, ती हलली की कळावं म्हणून. कुणी तरी लांबून एक म्हातारा आणतात, तो काळा कोट घालून दारातच उभा राहतो आणि आत जायची त्याची छाती होत नाही. पहिल्या काही मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की हे काय लागलंय. मी आईकडे बघितलं. आई कढईतला झारा हलवत होती. वहिनीचं लाटणं चालू होतं, जरा जोरात.

आक्कांना आमचा नियम ठाऊक होता. त्या दरवर्षी येतात आणि सगळ्यांत चांगलं बोलतात. थोडा वेळ त्या नुसत्या सारण भरत राहिल्या. मग त्या घरातली म्हातारी मुलीच्या पलंगाभोवती मुठीमुठीनं मीठ टाकू लागली, गोल कडं केलं तिनं, आणि आक्कांना राहवलं नाही.

"मीठ कशाला टाकायलीय गं सटवे? पोरगी हाय का कैरी हाय, मुरवायला?"

मावशी हसता हसता कातण्यासकट मागे कलली. बाबाही हसले. आणि मी चक्क वहिनीला हसताना पाहिलं, ओठ न उघडता.

आक्कांना चेव चढला. म्हातारा मंत्र पुटपुटतोय, मुलगी हातपाय झाडतेय, दोन माणसं तिला धरून आहेत. आक्का गुडघ्यावर उठल्या, हातात करंजी तशीच. "सोडा की रं तिला! इतकी मानसं जमलीत घरात, एकानं तरी इचारावं का न्हाई? माय, तुला काय व्हायलंय म्हनून एकदा तरी इचारा की तिला!"

आई कढईसमोरून वळली. आवाज न चढवता, करंजी पुढे करावी तसं, ती म्हणाली, "आक्का, तुम्ही विचारलंत?"

बाबांनी सिनेमा थांबवला. त्यांना निमित्तच हवं होतं.

आक्का तशाच गुडघ्यावर. त्यांचा चेहरा तांबडा झाला. मला वाटलं आता उठतील, ताटली आपटतील, सुनेला ओढत नेतील. मी दाराकडे सरकलेसुद्धा. त्यांनी करंजी परातीत ठेवली. मग मान न वळवता, पडद्यावर थिजलेल्या त्या मुलीकडेच बघत म्हणाल्या, "आमाला कुनी इचारलं व्हतं का, आमच्या टायमाला?"

"नाही ना विचारलं," आई म्हणाली. "कळलंच ना कसं असतं ते."

मग आक्का वळल्या. सरळ सुनेसमोर जाऊन मांडी घालून बसल्या, पिठाच्या हातांनी. "काय व्हायलंय गं माय तुला?"

वहिनीनं लाटणं थांबवलं नाही. एक पारी लाटून झाली, दुसरी घेतली. लाटता लाटता बोलली. झोप लागत नाही. लागली की वाटतं, बाळाचा श्वास थांबलाय. हात लावून बघते, पण अंधारात कळत नाही, म्हणून ओरडते. दिवसभर वाटतं, आपल्या हातून त्याला काहीतरी होणार. "हे कुणाला सांगितलं तर बाळ काढून घेतील माझ्याकडून, असं वाटायचं. आणि तुम्ही अमावास्येला त्याला घरीच ठेवायचं म्हणालात, तेव्हा खात्रीच झाली."

आक्कांनी तिच्या हातातून लाटणं काढून घेतलं. एवढंच. मिठ्या मारणं वगैरे झालं नाही. लातूरच्या सासवा सगळ्यांसमोर मिठ्या मारत नाहीत. कॉटवर बाळ कुरकुरलं तेव्हा त्यांनी ते उचलून तिच्या मांडीत दिलं आणि म्हणाल्या, "कुनी काडून न्हाई घेत. बगते कोन घेतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघी महापालिकेच्या दवाखान्यात. ओपीडीची रांग, बसायला बाकडं नाही, शिपाई खेकसतोय. त्यावर मी वेगळं पत्रक लिहिलंय. पण आत बाळंतिणींची डॉक्टर चांगली भेटली. हे बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना होतं, औषध आहे, बोलायला यायचं आहे, आणि रात्री हिला एकटीला ठेवायचं नाही, असं तिनं सांगितलं. आक्कांनी दोनदा विचारलं, "म्हंजी तिची चूक न्हाई?" डॉक्टर म्हणाली, नाही. "आन् माझी?" डॉक्टर नुसती हसली. त्या रात्रीपासून आक्कांचं अंथरूण वहिनीच्या खोलीत गेलं. वहिनी लगेच बरी झाली असं मी लिहिणार नाही, तसलं भगत सांगतात. वेळ लागला. आजही कधीकधी लागतो.

सरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, हा योगायोग, याला प्रबोधन म्हणत नाहीत. मी म्हटलं, माझी पत्रकं लागतातच, कायदा लागतोच, उद्या गरज पडली तर मी चौकीत जाईनच. पण माझ्या आईनं गेली कित्येक वर्षं या इमारतीतल्या बायकांना फराळाच्या निमित्तानं बसवून, भूत दिसलं की प्रश्न विचारायची सवय लावली आहे. पडद्यावरच्याला मोठ्यांदा विचारून विचारून आक्कांची जीभ तयार झाली होती. याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

आईला मी विचारलं होतं, सिनेमा मुद्दाम लावलास का. ती म्हणाली, "रिमोट तुझ्या बापाकडे होता." बाबा म्हणाले, "मला काय माहीत? चित्रात शेत होतं."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी खाली हॉर्न वाजला. भाच्याला निरोप द्यायचं सगळेच विसरले होते. तो गाडी पुसून, हार घालून हजर. हॉर्नवर हॉर्न. रांगोळ्या घालणाऱ्या बायका थांबल्या, ग्रुपवर संस्कृती वाचवणारे काका पेपर घेऊन गॅलरीत आले. आक्का वरून वाकल्या. हळू बोलणं त्यांना जमत नाही, आणि त्या दिवशी त्यांना ते जमवायचंही नव्हतं.

"न्हाई यायचं आमाला! माझ्या सुनंला दवाखान्यात दावलंय. तिला झोप न्हाई, म्हनून आजारी हाय. भूत न्हाई, काय न्हाई!"

"आत्या, त्या भगताला काय सांगू मग?" भाचा खालून.

"त्याला म्हनावं, फराळाला ये. आन् येताना त्याच्या बायकूला घिऊन ये, तिला बी इचारायचंय."

काकांनी पेपर तोंडावर धरला. वहिनी बाळाला घेऊन आक्कांच्या मागे उभी होती, न्हालेली, ओले केस पाठीवर सोडलेले, आणि सगळ्या इमारतीसमोर तिनं ते बांधले नाहीत.