शेवटच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची

आमच्या शाळेचं घड्याळ तीस वर्षं ज्यांनी सांभाळलं, ते घड्याळवाले म्हणजे अत्यंत काटेकोर माणूस. लग्न केलं नाही. खोलीत एकटे राहत, दुकानात एकटेच बसत. "कसे आहात?" विचारलं तर भिंगावरून डोळा न काढता म्हणत, "चालू आहे."

त्यांची चैन एकच. वर्षातून दोनदा एक व्हायोलिनवादक वाचनालयाच्या वरच्या खोलीत वाजवायला येत. चाळीस खुर्च्या, माईक नाही. घड्याळवाले शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या कोपऱ्यात बसत. अखेरची धून सुरू करण्याआधी वादक मान वर करत, त्यांच्या दिशेने बघत आणि हलकेच मान डोलावत. हेही डोलावत. अकरा वर्षं असं चाललं होतं. एकदा मला म्हणाले, "बाई, चकार शब्द बोललो नाही आम्ही, पण तो माणूस मला ओळखतो."

रविवारी ते भावाकडे जेवायला जात, तेव्हा वाढताना वहिनी चिडवायच्या, "एवढी ओळख आहे, तर आणा की एकदा घरी! का आम्ही खाऊ त्यांना?"

गेल्या वर्षी घड्याळवाल्यांनी मनावर घेतलं. कार्यक्रमानंतर बोलायचंच, असं ठरवून नवा शर्ट शिवला. पण त्या संध्याकाळी काठी टेकत एक आजी आल्या. त्यांना दाराजवळची जागा हवी होती. यांनी आपली खुर्ची दिली आणि पहिल्या रांगेत माझ्याशेजारी येऊन बसले.

अखेरच्या धुनेआधी वादकांनी मान वर केली. नजर आमच्या डोक्यांवरून मागे गेली, मान डोलली. घड्याळवाल्यांनी वळून पाहिलं. आजी खुशीत मान डोलावत होत्या. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं.

कार्यक्रम संपला. वादक दोन पावलांवर व्हायोलिन पेटीत ठेवत होते. "बोला ना," मी म्हटलं. यांनी शर्टाची बाही सारखी केली आणि सरळ जिना उतरले.

रस्त्यात म्हणाले, "वेळ किती उरला ते बघत होते हो. अकरा वर्षं मी घड्याळाखाली बसलो, आणि मान वर करून पाहिलं नाही. मी! शिवाय सात मिनिटं पुढे आहे ते."

वहिनींना त्यांनी सांगितलं, "त्यांना गाडी गाठायची होती."

त्याच आठवड्यात ते वाचनालयात गेले, स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं, तेलपाणी केलं. आता दर सोमवारी किल्ली द्यायला जातात.

परवा पुन्हा कार्यक्रम झाला. हे कोपऱ्यातल्या खुर्चीवर. वादकांनी वर पाहिलं, मान डोलावली. यांनी डोलावली नाही, डोळे मिटून घेतले. अखेरच्या धुनेनंतर वादकांनी पुन्हा वर पाहिलं आणि आणखी एक छोटीशी धून वाजवली.

निघताना मी मनगटाकडे पाहिलं. "अहो, वाचनालयाचं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे!"

"हो," ते म्हणाले, "मीच लावलंय."