नळीतला गुलाबी रंग

आमच्या डायलिसिस विभागात सात खुर्च्या, सात मशीन आणि मागे एक बिनखिडकीची खोली होती. त्या खोलीत पाणी शुद्ध करायच्या टाक्या असायच्या आणि पाणीवाले काका. डॉक्टर आले की रुग्ण सावरून बसायचे, आम्ही नर्स दिसलो की हात पुढे करायचे, काका येऊन गेल्याचं मात्र कुणाच्या गावीही नसायचं. खरं तर एका रुग्णाला एका वेळी सव्वाशे लिटर पाणी लागतं. ते बिघडलं तर आमची सगळी हुशारी चुलीत.

मी नवीन होते तेव्हा काकांनीच मला ते समजावलं होतं. "मशीनमध्ये एक पडदा. अलीकडे रक्त, पलीकडे आपलं पाणी. पडद्याला इतकी बारीक भोकं, की रक्तपेशी अंगाने मोठ्या म्हणून अडकतात. युरिया, मीठ ही बारकी मंडळी. जिकडे गर्दी तिकडून मोकळ्या जागेत सटकतात. झालं डायलिसिस! डॉक्टर उगाच इंग्रजीत सांगतात."

"आणि पाण्यातलं काही उलटं रक्तात गेलं तर?"

"तीच तर मेख आहे, सिस्टर. नळाच्या पाण्यातला क्लोरीन म्हणजे महाफुकट्या. आपल्या गाळणीतून जातो, वर रक्तपेशीच्या पडद्यातूनही आत शिरतो. आत शिरला की पेशी फुटली." म्हणून कोळशाच्या टाकीतून आलेलं पाणी ते रोज पहाटे काचेच्या नळीत घ्यायचे आणि त्यात औषधाचे थेंब टाकायचे. रंग आला नाही तर ठीक. किंचित जरी गुलाबी झालं, तरी एकही मशीन सुरू करायचं नाही.

काकांची बायको नातवाला सांभाळायला मुलाकडे गेली होती, सहा महिन्यांसाठी म्हणून. त्याला सहा वर्षं झाली. नातू शाळेत जायला लागला, तरी ती काही परतली नाही. "तिला तिकडे करमतं," एवढंच काका सांगायचे. रविवारी फोन यायचा, तब्येत विचारून संपायचा. निवृत्तीचं वय उलटलं होतं, पण दर वर्षी अर्ज करून ते मुदत वाढवून घ्यायचे. "घरी बसून काय करू? भिंतींशी गप्पा मारू?" ते हसत म्हणायचे. मला ते हसणं बघवायचं नाही.

शेवटच्या वर्षी ते रोज पहाटे नळी घेऊन माझ्या टेबलापाशी यायला लागले. "सिस्टर, बघा बरं जरा." त्या वेळी माझी कोण धांदल! सात मशीन जोडायची, वजनं घ्यायची, सुया लावायच्या. मी मनाशी ठरवून टाकलं, की म्हाताऱ्याला बोलायला कोणी नाही, म्हणून हे निमित्त. मला त्यांची दया यायची, आणि स्वतःच्या दयाळूपणाचं कौतुकही वाटायचं. मान वर न करता मी म्हणायची, "एकदम स्वच्छ, काका! तुमचं पाणी म्हणजे काय!" ते खूश होऊन परत जायचे. वर्षभर हे चाललं. दोनदा, फार तर तीनदा मी खरोखर नळीकडे पाहिलं असेल.

त्या दिवशीही मी पाहिलं नाही.

तासाभराने चौथ्या खुर्चीवरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "सिस्टर, डोकं फुटतंय हो." पाठोपाठ सहाव्या खुर्चीवरच्या मास्तरांना धाप लागली. मी मशीनच्या नळ्यांकडे पाहिलं. रक्त लाल कमी, काळपट जास्त दिसत होतं. सातही मशीन मी बंद केली. नशीब, सगळे वाचले. दोघांना रक्त चढवावं लागलं. कोळशाची टाकी निकामी झाली होती.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. टेबलावर सकाळच्याच पाण्याची नळी होती, नव्याने थेंब टाकलेली. दारातूनही गुलाबी दिसत होती. त्यांनी ती काकांसमोर धरली. "हा रंग कोणता?"

काकांनी नळी डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे वळवली. "रंग नाही, साहेब. पाणीच आहे."

मोतीबिंदू पिकला होता. मला तेव्हा कळलं, की ते वर्षभर माझ्याकडे गप्पा मारायला येत नव्हते, माझे डोळे मागायला येत होते.

"मग रोज कसं बघत होतात?" डॉक्टर ओरडले.

"अंदाजाने, साहेब. चूक माझी आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मुकाट उभी राहिले. घरी दोन मुली, नोकरीची अजून वीस वर्षं, सगळं त्या एका क्षणात आठवलं. त्याच संध्याकाळी काकांनी किल्ल्या परत केल्या.

पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्यांच्या खोलीवर गेले. दार उघडून ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी "काका" म्हटल्यावर ओळखलं. एक खुर्ची होती, ती मला दिली आणि स्वतः खाटेवर बसले. चहा केला. शिंपीणबाई कशा आहेत, मास्तर जेवतात का, सगळं विचारलं.

"काका, माझं नाव का नाही घेतलंत?"

"अहो, आपण दोघांनी पाहिलं, दोघांनाही दिसलं नाही. होतं असं, फिक्या रंगाला डोळा फसतो. माझी नोकरी अशीही जाणारच होती. तुमची कशाला घालवू?"

मी इथेच गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मला माझं ओझं उतरवायचं होतं.

"काका, मी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी नाही, रोजच नाही. मला वाटायचं, तुम्ही नुसते बोलायला येता."

त्यांनी कप खाली ठेवला. रागावतील, हाकलून देतील, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर मी सुटले असते.

"म्हणजे वर्षभर," ते हळूच म्हणाले, "मी एकटाच बघत होतो?"

ते उठले आणि माझा अर्धा राहिलेला चहा मोरीत ओतायला घेऊन गेले.