ही ऑफर मेंबर लोकांसाठी नाही

माझ्या नवऱ्याकडे एका हॉलिडे क्लबचं कार्ड आहे. पंचवीस वर्षांची मेंबरशिप. दर वर्षी आठवडाभर क्लबच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये फुकट राहायचं, असं घेताना सांगितलं होतं. फुकट म्हणजे आधी एकरकमी पैसे भरायचे, मग दर वर्षी देखभालीचे भरायचे, आणि मग खोली मिळाली तर राहायचं. मे महिन्यात मिळत नाही. दिवाळीत, नाताळात मिळत नाही. शाळा सुरू झाल्या आणि रस्ते चिखलाने भरले की हवी तेवढी मिळते.

आजवर कार्डावर आम्ही मोजून तीनदा गेलो आहोत. त्या तीन वेळचे फोटो नवरा आलटून पालटून घरच्या ग्रुपवर टाकत असतो. मी एकदा विचारलं, "दर वर्षी तोच शर्ट कसा दिसतो, असं कुणी विचारलं तर?" तो म्हणाला, "कोण एवढं बघतंय." बघत होते. त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी बघत होते, आणि त्यांच्यासाठीच तर ते फोटो होते.

थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी, माझ्या नवऱ्याला शिकवलं, अंबरनाथ एमआयडीसीत चिकटवलं, लग्नही त्यांनीच लावून दिलं. स्कूटर पहिली त्यांची आली, फ्रीज पहिला त्यांचा आला, परदेशी पाहुणा पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवला. आयुष्यात एकच गोष्ट माझ्या नवऱ्याने दादांच्या आधी घेतली, ती म्हणजे हे कार्ड. त्यामुळे कार्डाबद्दल आमच्या घरी खरं बोलायची सोय नव्हती.

मी गाऊन शिवून विकते. बदलापूरला, हेंद्रेपाड्यात आमच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी आहेत. कापड उल्हासनगरातून आणते. माझा ठरलेला सिंधी व्यापारी मला बघितलं की गठ्ठा बाहेर काढतो, "दीदी, ये आपके लिए साइड में रखा था." नव्या गिऱ्हाइकाला तोही कधीकधी माझ्यापेक्षा कमी भाव लावतो, मला माहीत आहे. गिऱ्हाईक जोडायचं तर ते करावंच लागतं. पण त्याने फार ताणलं तर मी उठून समोरच्या दुकानात जाऊ शकते, आणि हे त्यालाही माहीत आहे. माझ्या नवऱ्याने पंचवीस वर्षांचं उठून जाणं आधीच विकून टाकलं होतं. मग त्याच्यासाठी गठ्ठा कोण बाजूला ठेवेल?

दादा गेल्या वर्षी केमिकल कंपनीतून रिटायर झाले. उल्हासनगरात ते चौथ्या मजल्यावर राहतात. इमारतीला लिफ्ट नाही, होणारही नाही. वहिनींचे गुडघे गेलेले. खाली उतरायचं म्हणजे आठवडाभर आधी ठरवायचं. म्हणून रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यावर चिखलोलीला लिफ्टवाल्या नव्या इमारतीत फ्लॅट घ्यायचा, असं ठरलं होतं. एक त्यांनी पाहूनही ठेवला होता. बुकिंगचे पैसे वेगळे काढले होते, जुनी जागा विकून उरलेले भरायचे होते. वहिनी मला फोनवर सांगायच्या, "दोन लिफ्ट आहेत गं. एक बंद पडली तरी दुसरी."

त्याच सुमारास ते दोघं कल्याणला मॉलमध्ये पंखा घ्यायला गेले आणि तिथे एका मुलीने त्यांच्याकडून कूपन भरून घेतलं. चार दिवसांनी फोन आला. तुम्हाला लकी ड्रॉमध्ये कोकणातल्या रिसॉर्टमध्ये दोन रात्रींचा मुक्काम लागला आहे. अट एवढीच की नवरा-बायको दोघांनी यायचं आणि एका सकाळी दीड-दोन तास माहिती ऐकायची.

दादांनी लगेच माझ्या नवऱ्याला फोन केला. "अरे, तुझ्याच क्लबचं आहे! तुम्ही पण या. तुला काय, कार्ड आहे."

"येतो ना," नवरा म्हणाला.

मग त्याने कार्डावर खोली मागितली. नाही मिळाली. रात्री जेवताना तो भात चिवडत बसला, तेव्हा मीच हेल्पलाइनला फोन लावला.

"मॅडम, मेंबर्सच्या कोट्यातल्या रूम्स फुल आहेत."

"मग वेबसाइटवर त्याच तारखांना कशा दिसतात? सवलतीत, नाश्त्यासकट?"

"ती प्रमोशनल ऑफर आहे मॅडम. ती मेंबर लोकांसाठी नाही."

"म्हणजे जो पैसे भरत नाही त्याला खोली आहे, आणि जो वर्षानुवर्षं भरतोय त्याला नाही."

"तसं नाही मॅडम. मेंबर असल्यामुळे तुम्हाला वेटिंग लिस्टमध्ये प्रायॉरिटी आहे."

मी फोन ठेवला. नवऱ्याला म्हटलं, दादांना सरळ सांग, खोली मिळाली नाही. तो म्हणाला, "दादाला फुकट मिळतेय आणि मला मिळत नाही, हे मी त्याला सांगू?" मी म्हटलं, हो, हेच सांग. तो उठून हात धुवायला गेला.

शेवटी खोली मी घेतली. माझं आधार कार्ड अजून माहेरच्या नावाचं आहे, आणि गाऊनच्या धंद्याला मी वेगळा नंबर वापरते. बाहेरचं गिऱ्हाईक म्हणून मला ती ऑफर दोन मिनिटांत मिळाली. वर अभिनंदनाचा मेसेज आला. आमच्या ऑफरलाही ती सकाळची अट होतीच. नवऱ्याने दादांना सांगितलं, "कार्डावर झालं."

रिसॉर्टच्या काउंटरवर त्याचा हात सवयीने खिशात गेला आणि कार्ड अर्धं बाहेर आलं. मी ते परत आत ढकललं. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "फर्स्ट टाइम सर?" तो म्हणाला, "हो." कोकम सरबत मिळालं. मेंबर म्हणून गेलो होतो त्या तीन वेळांत कधी मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये गोल टेबलं मांडलेली. प्रत्येक टेबलाशी एक-दोन जोडपी आणि एक विकणारा. कोणी सही केली की माइकवर नाव पुकारायचे, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आम्ही चौघं एका टेबलाशी बसलो. आमच्या वाट्याला चाळिशीचा, टाय लावलेला, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा माणूस आला. त्याने दादांना विचारलं, "सर, मागच्या दहा वर्षांत वहिनींना किती वेळा फिरायला नेलंत?"

दादा हसले. "आम्हाला काय विचारता? हा माझा भाऊ. तुमचा मेंबर आहे. जुना."

त्या माणसाने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, मग हातातल्या टॅबकडे, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं. मेंबरने बाहेरच्यांची ऑफर घेतली तर ती रद्द होऊन पूर्ण दर लागतो, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तो गोड हसला. "अरे वा! मग मी कशाला बोलू? सर, आप ही बताइए. दिल से."

नवरा बोलायला लागला. मला वाटलं होतं, दोन वाक्यं बोलून थांबेल. तो थांबला नाही. डोंगरावरच्या खोलीतून धुकं कसं दिसतं, नाश्त्याला किती प्रकार असतात, आमची मुलगी लहान असताना स्विमिंग पूलमधून कशी बाहेर येत नव्हती. सगळं खरं होतं. त्या तीन वेळांतलं होतं. ऐकताना मात्र वाटत होतं की हा माणूस दर महिन्याला बॅग भरतो. दादा त्याच्याकडे बघत होते. धाकट्या भावाकडे असं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि नवऱ्यानेही पाहिलं नसणार.

टेबलावर कागद आले. फ्लॅटच्या बुकिंगसाठी वेगळे काढलेले पैसे त्यात जवळजवळ पुरतेच जात होते.

मी म्हटलं, "दादा, चिखलोलीचं काय?"

"चिखलोली कुठे पळून जातेय? तिथलं स्टेशन व्हायचंय अजून."

"सर, फ्लॅट तो कहीं भी मिलेगा," टायवाला म्हणाला. "मेमरीज नहीं मिलती."

तेव्हा मी सांगून टाकलं. "दादा, आम्ही कार्डावर आलेलो नाही. कार्डावर खोली मिळालीच नाही. मी माहेरच्या नावाने, बाहेरची म्हणून घेतली, कारण बाहेरच्यांना मिळते आणि स्वस्त मिळते. तुम्हाला आज फुकट मिळालंय ते तुम्ही मेंबर नाही म्हणून. उद्या सही केलीत की तुम्हीही आमच्यासारखे वेटिंगमध्ये."

टायवाला म्हणाला, "मॅडम को थोड़ा मिसअंडरस्टँडिंग है."

नवरा टेबलक्लॉथकडे बघत होता.

वहिनी बोलल्या. "बाई गं, इतकी वर्षं कार्ड कार्ड करून आम्हाला ऐकवलंत. भाऊबीजेला तेच, गणपतीत तेच. आता आम्ही घ्यायला निघालो तर लगेच खोली मिळत नाही होय?"

"वहिनी, तसं नाही."

"मग कसं? तुझ्या नवऱ्याने आत्ता सांगितलं ते खोटं? विचार की त्याला."

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू जरा बाहेर जाऊन बस."

मी बाहेर जाऊन बसले. थोड्या वेळाने माइकवर दादांचं नाव ऐकू आलं आणि टाळ्या वाजल्या. दादा साठीचे. पंचवीस वर्षांची मेंबरशिप. त्या हॉलमध्ये कुणालाही ही बेरीज करावीशी वाटली नाही. दुसऱ्या दिवशी निघताना काउंटरवर आमचं बिल पूर्ण दराने आलं. कोकम सरबतही लावलं होतं.

घरी आल्यावर मी आमच्या कार्डाच्या जुन्या कागदांवरचं बारीक छापील वाचलं. आमचे आणि त्यांचे कागद सारखेच होते. सही केल्यापासून ठरावीक दिवसांत कळवलं तर सगळं रद्द होऊन पैसे परत मिळतात. मुदत शुक्रवारी संपत होती. मी नवऱ्याला सोमवारी सांगितलं, मंगळवारी सांगितलं. बुधवारी तो म्हणाला, "त्यांना आवडलंय तर तुझं काय जातं?" मी म्हटलं, माझं काही जात नाही, चार जिने मी चढत नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी स्वतःच दादांना फोन केला. बारीक छापील वाचून दाखवलं. उद्यापर्यंत वेळ आहे, एक ईमेल करायचा, मी लिहून देते. दादांनी मध्ये न बोलता ऐकलं. कंपनीत शिफ्ट सांभाळलेला माणूस, कागदाची भाषा त्यांना कळते.

"तुझं म्हणणं मला तिथेही पटत होतं थोडं," ते म्हणाले. "पण मी सही केली ती त्याच्या शब्दावर. त्याला दे फोन. तो रद्द कर म्हणाला तर आत्ता करतो."

मी फोन नवऱ्यासमोर धरला. म्हटलं, दादा विचारतायत, रद्द करू का. एवढंच बोलायचं आहे, हो म्हण.

त्याने फोन घेतला. बाल्कनीत गेला नाही, माझ्यासमोरच उभा राहिला.

"हां दादा. नाही रे. ही उगाच घाबरते. पहिल्या वर्षी जरा सिस्टीम समजून घ्यावी लागते, मग मिळतं सगळं. हो, मस्त आहे. वापरलं की वसूल. नको, रद्द कशाला करतोस."

त्याने फोन मला परत दिला आणि जेवायला काय आहे विचारलं. मी सांगितलं, मेथी. शुक्रवार आला आणि गेला.

पहिल्या वर्षी दादांना एकदा खोली मिळाली. नव्या मेंबरला पहिल्यांदा देतात. त्यांनी फोटो टाकले, माझ्या नवऱ्याने खाली अंगठे दाखवले. यंदा दोघांनी मे महिन्याची मागणी केली आणि दोघंही वेटिंगमध्ये राहिले. दादांनी मागच्या वर्षीचे फोटो पुन्हा टाकले. माझ्या नवऱ्याने पुन्हा अंगठे दाखवले. दर रविवारी दोघं भाऊ फोनवर कुठे कुठे जाता येईल त्याबद्दल बोलतात. पूर्वी त्यांचं इतकं जमत नव्हतं. चिखलोलीचा तो फ्लॅट दुसऱ्या कोणी घेतला, आणि आता तिथले भाव दादांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत.

परवा कापड घ्यायला उल्हासनगरला गेले होते, तेव्हा त्यांच्याकडे डोकावले. वहिनी जिन्यातच भेटल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसल्या होत्या. बाजूला भाजीची पिशवी, एका हाताने गुडघा दाबत होत्या. मला बघून सरकल्या नाहीत.

"तू तेव्हा नीट सांगायला हवं होतंस," त्या म्हणाल्या.

"मी सांगितलं होतं वहिनी. सगळ्यांसमोर."

"आम्हाला पटेल असं सांगायला हवं होतं. तुला बोलता येतं एवढं. धंदा करतेस."

त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या दोन्ही हातांत कापडाचे गठ्ठे होते. मी त्यांच्या बाजूने वाट काढली आणि वर जाऊन दादांना सांगितलं, वहिनी दुसऱ्या मजल्यावर बसल्यात, पिशवी घेऊन या.