चिंगीची पाठवणी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ‘मांजरांना खायला घालणाऱ्यास नोटीस देण्यात येईल’ अशी पाटी आहे. खाली सेक्रेटरीची सही आहे. सेक्रेटरी मीच आहे!

समोरचे भाडेकरू घर सोडून गेले. जाताना त्यांनी कुंड्या नेल्या, पडदे नेले, बल्बसुद्धा काढून नेले. फक्त मांजर ठेवलं! ते बिचारं कुलूपबंद दाराकडे तोंड करून पायपुसण्यावर बसून राहिलं. लिफ्ट थांबली की उठायचं, भलताच कोणी बाहेर आला की पुन्हा बसायचं. दोन दिवस असं चाललं.

तिसऱ्या दिवशी माझी बायको वसुधा दूध-पोळी घेऊन निघाली.

“अगं, पाटी!”

“पाटी तू लावलीस. त्या मांजराने नाही.”

संध्याकाळी मांजर आमच्या सोफ्यावर होतं आणि त्याचं नाव चिंगी होतं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकांची लेखी तक्रार आली. “सेक्रेटरीच असा वागला तर वाट लागली ना सोसायटीची!” मी शब्द दिला, रविवारपर्यंत मांजर चांगल्या घरी देतो.

ऑफिसातला मायकल खाडीपलीकडे मढच्या कोळीवाड्यात राहतो. तो म्हणाला, “आम्हाला दे रे! अंगणात मासळी सुकत असते, उंदीर माजलेत. चिंगी राखण करेल.” (सुक्या मासळीची राखण मांजराकडे! पण मी गरजू होतो.)

रविवारी वसुधाने टोपलीत माझा नवा टॉवेल अंथरला आणि चिंगीला दही चाटवलं.

“परीक्षेला चाललीय का ती?”

“गप रे. आणि निघताना ‘जा’ म्हणायचं नसतं. ‘जाऊन ये’ म्हण.”

मीच तिला घेऊन निघालो होतो, तरी टोपलीत तोंड घालून म्हणालो, “जाऊन ये गं, चिंगे.” वसुधा रडायलाच लागली.

रिक्षात आणि होडीत चिंगी अखंड ओरडत होती. मायकलच्या घरी मात्र गप्प झाली. त्याच्या आईने प्रेमाने बांगडा पुढे ठेवला, पळू नये म्हणून दार लावून घेतलं. चिंगीने बांगड्याकडे बघितलंही नाही. ती बंद दाराकडे तोंड करून बसली. तश्शीच!

मी उठून उभा राहिलो. एवढा मोठा माणूस, काय सांगणार?

“मायकल, ती टोपली... मला परत न्यायची होती.”

मायकलने रिकामी टोपली माझ्या हातात दिली. त्याच्या आईला मात्र सगळं कळलं. “रिकामी टोपली परत देतात का कधी?” असं म्हणत तिने चिंगीला उचलून टोपलीत ठेवलं. वर कागदात बांधून तो बांगडाही दिला.

घरी वसुधाने दार उघडलं, टोपलीत डोकावली आणि डोळे पुसत म्हणाली, “बघ! म्हणून ‘जाऊन ये’ म्हणायचं असतं.”

सावंतकाकांची दुसरी तक्रार आली आहे. सेक्रेटरी म्हणून मी सदर सभासदाला, म्हणजे मला, कडक नोटीस बजावली. सभासदाने अजून उत्तर दिलेलं नाही. नोटिशीवर चिंगी झोपलीय, तिला उठवायची माझी हिंमत नाही!